निवळायला ठेवलेली माती

विहीर कोरडी निघाली, बावीसशे मीटरवर.
अहवालात मी लिहिलं: वाळू नाही.
या दोन शब्दांसाठी अठ्ठावन्न दिवस ड्रिल फिरलं
वाळवंटात, आणि वर रात्री इतक्या चांदण्या
की खाली काही नाही याचं वाईटही वाटेना.

मग रजा. लोंढा, खानापूर.
स्टेशनच्या पाटीवर लिपीखाली लिपी,
सगळ्यांवर सारखीच तांबडी धूळ.

सातेरी कुंभार हौद उपसत होता.
कौलांचा कारखाना कधीच बंद,
आता बंगळूरच्या हॉटेलांसाठी बरण्या.
"कवा आलीस, शालन? काय करूलालीस तिकडं?"
"तेल हुडकूलालोय."
"गावलं?"
"न्हाई."
त्यानं फावडं टेकलं, तेवढंच.

हौद त्याच्या बापाचा. तळाची फरशी
दोन तडांनी फाटलेली, आणि तडांपलीकडची बाजू
दरसाल बोटभर खचते.
"बुजवणार हुतो," तो म्हणाला,
"खरं माती तिथंच चांगली बसते."

त्यानं ओल्या चिखलात उभा काप घेतला
आणि मी खाली बसले, साडीचा काठ भिजू देत.
थर. दूरच्या भिंतीपाशी कागदासारखे,
तडेकडे येता येता जाड,
लाकूड फोडायच्या पाचरीसारखे.
सगळ्यात खालचा सगळ्यात जास्त कललेला,
त्यावरचा जरा कमी,
कालचा जवळपास आडवा.
खचलं, भरलं. भरायच्या आत पुन्हा खचलं.
माझ्या स्क्रीनवर हेच होतं,
एक बोट तिथं अर्धा किलोमीटर,
एक साल तिथं लाख वर्षं,
आणि मी रंगीत रेघांना नावं देत बसले होते.

तडेच्या मधोमध, जिथं खड्डा सर्वात खोल,
तिथली माती काळी, लोण्यासारखी.
हीच पुरली, तापली, शिजली की तेल होतं.
तेल होतं, खरं राहणार कुठं?
लोण्याला भोकं नसतात.
मी विहीर नेमकी तिथं घेतली होती.
कड्याच्या पायथ्याला, जिथं पडझड मोठी दिसते.
मोठी पडझड म्हणजे मोठा गाळ, मोठा गाळ म्हणजे वाळू,
असं मी मीटिंगमध्ये बोटानं दाखवलं होतं
आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

"रेव कुठं बसते?"

सातेरीनं मान वळवली.
दोन्ही तडा एका रेषेत नव्हत्या.
एक संपायच्या आधी दुसरी सुरू,
वीतभर अंतर ठेवून शेजारून गेलेली,
आणि मधली फरशी न तुटता
नुसती वाकलेली, उतरणीसारखी.
"काठावरनं पाणी आत येतच न्हाई," तो म्हणाला,
"तडेचा काठ उचललाय न्हवं, पाणी मागंच पळतं.
मग सगळं हितनं. रेव पायथ्याला टाकतं, आन् पुढं जातं."

उतरणीच्या पायाशी पंख्यासारखी पसरलेली
खरखरीत, पिवळट, ओंजळ-दोन ओंजळी.
बसव्वा, त्याच्याकडे कामाला येते बैलूरहून,
"मरळु" म्हणाली आणि पाटीत भरू लागली;
बरणीला ती चालत नाही, टाकून देतात.

मी चिमूट उचलून दातांखाली घेतली.
कॉलेजात शिकवलं होतं: कचकचली तर वाळू.
बसव्वा हसली. सातेरी हसला नाही.
"तुमच्यात पाणी कुठनं येतंय, ते बघितलं न्हवतंस?"

"दोन तडा दिसल्या," मी म्हणाले.
"मी रेघ ओढून त्या जोडल्या.
नकाशावर बरं दिसतं."

तो बोळा कोंबायला वाकला.
नव्या पाण्यात कालवलेली माती सोडली,
हौद गढूळ झाला, काठ दिसेना, तडा दिसेना.
"उद्या सकाळी ये," म्हणाला, "निवळल्यावर."
मी थांबले तरी. पाटीतली रेव अजून ओली होती,
आणि बसव्वा ती टाकायला
नाल्याकडे निघाली होती.